शुद्ध करून आणलेली बाटली

अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला. म्हणाल्या, नोकरीतले अनुभव लिहा, अगदी मोकळेपणानं लिहा. मी म्हटलं, बाई, माझी नोकरी चौतीस वर्षं लघवी तपासायची होती, अन तुमचा अंक लोक चिवड्याची वाटी मांडीवर घेऊन वाचतात. मग बाई म्हणाल्या, "बघा, जमेल तेवढं सभ्य लिहा." तेव्हा आधीच सांगून ठेवतो. ज्याला चिवड्याची चव महत्त्वाची वाटते त्यानं आधी तो संपवावा, मग पान उलटावं.

मी मूळचा कुहीकडचा. नागपुरात लॅबचा कोर्स केला अन लकडगंजातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागलो, तो गेल्या वर्षी म्हातारा होऊनच बाहेर पडलो. लॅब एका डॉक्टरमॅडमची. मॅडम कमी बोलायच्या. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायच्या, रिपोर्ट वाचायच्या, सही करायच्या. रक्त काढणं, बाटल्या देणं-घेणं, जंतू वाढवायच्या थाळ्या लावणं हे माझ्याकडे. लोकांशी बोलणं हे खरं तर कोणाकडेच नव्हतं, पण ते मी आपणहून अंगावर घेतलं अन इतर कामांपेक्षा जास्तच केलं. त्याचं काय झालं तेच सांगायला बसलो आहे.

आधी धंदा समजावून सांगतो. लघवीची साधी तपासणी तासाभरात होते. पण डॉक्टरांना शंका आली की ते 'कल्चर' लिहून देतात. म्हणजे लघवीचा एक थेंब आम्ही जंतूंचं खाद्य असलेल्या थाळीवर पसरवतो अन ती थाळी उबेत ठेवतो. लघवीत जंतू असले तर एक-दोन दिवसांत थाळीवर त्यांच्या वसाहती उगवतात. मग तो कोणता जंतू, अन कोणत्या औषधाला घाबरतो, हे पाहायचं. यात पहिली अट अशी की बाटली आम्ही दिलेलीच पाहिजे, निर्जंतुक. दुसरी अशी की सुरुवातीची धार सोडायची अन मधली धरायची. तिसरी अशी की लौकर आणून द्यायची, कारण आपल्या नागपूरच्या उन्हात दोन तास राहिलेल्या बाटलीत मेलेलेसुद्धा जंतू जिवंत होतील असं आम्ही आपसांत म्हणायचो.

या तीन अटी सांगता सांगता माझा जन्म गेला. लोक लोणच्याच्या बरणीत आणत, खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत आणत, अन वर म्हणत की धुतली होती ना. आमच्या कुहीचाच एक जण थंड पेयाची दोन लिटरची बाटली गळ्यापर्यंत भरून एसटीनं मांडीवर घेऊन आला होता. म्हटलं, काहून गा, एवढी कशाला? तो म्हणाला, "कमी पडली त परत यायले पाहिजे ना भाऊ. म्हणून भरूनच आणली." त्याच्या शेजारी बसलेल्या बाईनं वाटेत काय काय विचारलं असेल, देव जाणे.

आता पुरुषांचं. हा त्रास बायकांना जास्त होतो, पुरुषांना कमी. शरीराची ठेवणच तशी आहे. म्हणूनच पुरुषाच्या लघवीत जंतू निघाले की डॉक्टर नुसतं औषध देऊन थांबत नाहीत, काहून झालं ते शोधतात. कारणं बरीच असतात. कोणाला साखरेचा आजार असतो, कोणाला खडा असतो, कोणाला दवाखान्यात नळी घातलेली असते. साठीकडे आलेल्या माणसाची प्रोस्टेटची गाठ फुगून लघवीची वाट अडवून बसलेली असते. अन हो, बाहेरख्याली वागण्यातूनही काही आजार होतात, ते मी नाकारत नाही. पण पन्नास-साठीच्या पुरुषात आधी बाकीचं बघायचं असतं.

आमच्या गिऱ्हाइकांच्या डोक्यात मात्र शेवटचंच कारण पहिलं. त्यामुळे काउंटरवर पुरुष यायचा तो चिठ्ठी द्यायच्या आधी स्वतःच्या चारित्र्याचा दाखला द्यायचा. एक धान्याचा व्यापारी होता, खिडकीत तोंड घालून म्हणाला, भाऊ, माझं घर ते दुकान अन दुकान ते घर, मधात कुठं उतरत नाही. मी म्हटलं, शेठ, मी कुठं काय विचारलं? त्याचा चण्याएवढा खडा निघाला. गादीवरून उठलं की गिऱ्हाईक जाते म्हणून हा माणूस दिवसभर पाणी पीत नव्हता. विमानतळाजवळच्या मिहानमधल्या कंपनीतला एक मुलगा तर इंटरनेटवरून स्वतःला अकरा आजार लावून आला होता. पाणी किती पितोस विचारलं तर म्हणाला, कॉफी पितो.

तर आता गुरुजी. ज्यांच्यासाठी मी खरं म्हणजे लिहायला बसलो ते हे. नाव बदललं आहे, नारायणगुरुजी म्हणू. त्यांची अन त्यांच्या पत्नीची, म्हणजे काकूंची, परवानगी घेतली आहे. काकूंनी एकाच अटीवर दिली, की तुम्ही स्वतः काय बोललात तेही लिहायचं, गाळायचं नाही. तेव्हा गाळत नाही.

गुरुजी महालातले, म्हणजे नागपूरच्या जुन्या वस्तीतले. वय त्रेसष्ट. सत्यनारायण, वास्तुशांत, लग्न, मुंज, सगळं करायचे. आवाज असा की मंगलाष्टकं माईकशिवाय शेवटच्या रांगेत जायची. एका वर्षात त्यांना तीनदा थंडी वाजून ताप आला अन लघवीला जळजळ झाली. दर वेळी औषध घेतलं, तिसऱ्या दिवशी बरं वाटलं की बंद केलं. चौथ्या वेळी डॉक्टर चिडले अन त्यांनी कल्चर लिहून दिलं.

गुरुजी बाटली न्यायला आले ते उपरण्यानं अर्धं तोंड झाकून. मी नेहमीप्रमाणे तीन अटी सांगितल्या. त्यांनी एखादा विधी समजून घ्यावा तशा त्या नीट ऐकल्या, पुन्हा म्हणून दाखवल्या, बाटली लाल कापडात गुंडाळली अन गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी बरोबर वेळेवर बाटली हजर. इतकं शहाणं गिऱ्हाईक क्वचित मिळतं असं मी मॅडमना म्हटल्याचं आठवतं.

रिपोर्ट न्यायला काकू आल्या, कारण गुरुजी एका वास्तुशांतीला गेले होते. काकू म्हणजे सुमनकाकू, प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. इंग्रजी वाचता येणाऱ्या. त्यांनी खिडकीतच पाकीट उघडलं, चष्मा लावला अन वाचून मला विचारलं, "तीनपेक्षा जास्त प्रकारचे जंतू म्हणजे काय हो, भाऊ?"

इथं माझं चुकलं. रिपोर्टाच्या खाली मॅडमनी बारीक अक्षरांत लिहिलं होतं की नमुन्यात बाहेरचं काही मिसळलं असावं, पुन्हा तपासावं. एकाच वेळी चार-पाच जातीचे जंतू उगवले तर बहुतेक वेळा बाटली बाटलेली असते, आजार नसतो. हे मला पाठ होतं. तेवढं सांगायचं अन मोकळं व्हायचं. पण त्या दिवशी खिडकीशी पाच-सहा माणसं उभी होती, अन श्रोते दिसले की मला राहवत नाही. मी म्हणालो, "काकू, एक असता तर समजून घेतलं असतं. इथं तर मेळाच भरला आहे. गुरुजींनाच विचारा, कुठं कुठं जाऊन आले."

माणसं हसली. काकू हसल्या नाहीत. त्यांनी कागदाची चार घडी केली, पाकिटात घातली, चष्मा काढला अन गेल्या. मला मात्र आपण फार छान बोललो असं वाटलं. संध्याकाळी जेवताना बायकोलाही तो विनोद ऐकवला. आमची रत्ना वाढता वाढता थांबली.

"तुमच्या जिभेले हाड नाही ना," ती म्हणाली. "त्या काकूच्या जागी मी राहिली असती त लाटणं घेऊन तुमच्या लॅबमधी आली असती."

मी म्हटलं, गंमत होती, कळते लोकांना. तिनं दुसरी पोळी वाढली नाही.

आठ दिवसांनी गुरुजी आले. उतरलेलं तोंड, कपाळावर गंधसुद्धा फिकं. मला बाजूला घेऊन म्हणाले की घरी काही ठीक नाही. काकू बोलत नाहीत. म्हणजे घरात सगळं वेळेवर होतं, चहा होतो, पान वाढलं जातं, धोतर धुतलं जातं, पण त्यांच्याशी शब्द नाही. काही सांगायचंच असलं तर काकू देव्हाऱ्यासमोर उभ्या राहून देवाला सांगतात. देवा, गॅस संपला आहे. देवा, दळण आणायचं आहे. अन गुरुजींनी निमूट दळण आणायचं. अंथरूण बाहेरच्या खोलीत गेलं. विचारलं तर रिपोर्ट पुढं ठेवला जातो. आता येत्या सोमवारी काकू अमरावतीला भावाकडे जाणार, परतीचं तिकीट काढलेलं नाही. एक्केचाळीस वर्षांच्या संसारात त्या माहेरी चार दिवसांवर कधी राहिल्या नव्हत्या.

"मनोहरराव," गुरुजी मला म्हणाले, "माझ्या हातून असं काही घडलेलं नाही. मी फार आठवून पाहिलं. पण रिपोर्ट खोटं बोलतो का?"

अन त्याहून पुढची गोष्ट अशी की त्यांनी प्रायश्चित्त सुरू करून टाकलं होतं. कोणतं पाप ते सापडलं नव्हतं, पण शास्त्रीय रिपोर्ट आला आहे म्हणजे असणारच, असं धरून रोज पहाटे जास्तीचा जप चालू होता. इतकं साधं माणूस मी पाहिलं नाही. त्या वेळी मी त्यांचे पाय धरून सांगायला हवं होतं की गुरुजी, पाप माझं आहे. चौतीस वर्षं न थांबलेली माझी जीभ नेमकी तेव्हा टाळूला चिकटली. मला शरम वाटली, अन खरं सांगतो, भीतीही वाटली.

पण काम मात्र मी केलं. आमच्या धंद्यात गडबड झाली की एकच उपाय असतो. गिऱ्हाइकाला बसवायचं अन बाटली हातात घेतल्यापासून परत देईपर्यंत काय काय केलं ते एकेक पायरीनं विचारायचं. गुरुजींना खुर्चीवर बसवलं. बाटली घरी नेली, मग? मग बाहेरच्या कोनाड्यात ठेवली. पहाटे उठले, मग? मग मोरीत गेले. हात धुतले? धुतले. जागा धुतली? धुतली. पहिली धार सोडली? सोडली. मधली धरली? धरली. झाकण घट्ट लावलं? लावलं. सगळं बरोबर होतं. मी हात टेकणार होतो, तेवढ्यात सहज विचारलं की मोरीत न्यायच्या आधी बाटली उघडली तर नव्हती?

"उघडली ना," गुरुजी म्हणाले. "दवाखान्यातली वस्तू. शुद्ध करून घेतली."

"कशानं शुद्ध केली?"

"गोमूत्रानं. थोडं आत शिंपडलं, हलवलं अन ओतून टाकलं. बाहेरची कोणतीही वस्तू आम्ही तशी घरात घेत नाही."

मी चौतीस वर्षांत नाना तऱ्हेच्या बाटल्या पाहिल्या, पण एका बाटलीत दोन जिवांची लघवी कधी आली नव्हती. मी आत जाऊन मॅडमना सांगितलं. मॅडमनी माझ्याकडे बघितलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला अन मला बाहेर जायला सांगून दार लावून घेतलं. दारामागून बराच वेळ कसले तरी आवाज येत होते. बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल होते अन चेहरा नेहमीसारखा गंभीर. म्हणाल्या, नमुना पुन्हा घ्या, इथंच घ्या, अन बाटली तुम्ही स्वतः उघडून त्यांच्या हातात द्या.

गुरुजींनी जानवं कानावर चढवलं अन आमच्या लॅबच्या संडासात गेले. मी दाराबाहेर उभा राहिलो. आता एक गोष्ट सांगतो, हसू नका. दाराबाहेर उभं राहून धारेचा आवाज ऐकणं ही माझी विद्या होती. कोणत्याही पुस्तकात शिकवत नाहीत. जवान माणसाची धार कशी, घाबरलेल्याची कशी, खडा असलेल्याची कशी तुटते, हे मला नुसतं ऐकून कळायचं. गुरुजी आत गेले अन पाच मिनिटं काही नाही. मग दोन थेंब. मग पुन्हा काही नाही. आतून हळूच कुंथल्याचा आवाज. मग बारीक, तुटक, थांबत थांबत. बारा मिनिटांनी ते बाहेर आले तेव्हा घामेजले होते अन बाटलीत तळाला बोटभर होती.

मी विचारलं, गुरुजी, रोज असंच होते का?

ते म्हणाले, वय झालं, चालायचंच. मग खोदून विचारलं तेव्हा बाकीचं निघालं. दोन वर्षांपासून असं होत होतं. जाऊन आल्यावरही झाल्यासारखं वाटत नव्हतं. त्यात त्यांचं सोवळं. एकदा सोवळ्यात बसलं की मधात लघवीला जायचं म्हणजे पुन्हा हातपाय धुणं, पुन्हा आचमन, वेळ पडली तर पुन्हा स्नान, अन यजमानाची सगळी मंडळी ताटकळत बसलेली. म्हणून गुरुजींनी सोपा उपाय काढला होता. पहाटेपासून पाणीच प्यायचं नाही. अन आलीच तर दाबून धरायची. श्रावणात तीन-तीन सत्यनारायण एका दिवसात, अन लग्नसराई कधी, तर आपला एप्रिल-मे, होमकुंडासमोर. लोक प्रसादाचं पन्हं पुढं करायचे अन हे नको म्हणायचे. यजमानांना वाटायचं, काय वैराग्य आहे.

मी सरळ मॅडमना सांगितलं अन मॅडमनी गुरुजींच्या डॉक्टरांना फोन केला. सोनोग्राफी झाली. प्रोस्टेट चांगलीच वाढली होती. लघवी करून आल्यानंतरही पिशवीत पाऊण पेला शिल्लक राहत होती. तिकडे माझ्या थाळीवर या वेळी एकच जंतू उगवला, स्वच्छ, एका जातीचा. प्रत्येक माणसाच्या आतड्यात जन्मभर राहणारा अगदी घरगुती जंतू. तो तिथं असतो तोवर कोणाला त्रास देत नाही. वाट चुकून लघवीच्या पिशवीत गेला अन तिथं साचलेलं मिळालं की संसार थाटतो.

रिपोर्ट शनिवारी तयार झाला. काकूंचं तिकीट सोमवारचं. मी रविवारी महालात जायचं ठरवलं. रत्ना म्हणाली, मी येते, एकटे गेले त पुन्हा काही बरळसान. म्हणून दोघं गेलो.

काकूंची बॅग पलंगावर उघडीच होती. त्यांनी आम्हाला पाणी दिलं, बसा म्हणाल्या, अन गुरुजी बाहेरच्या खोलीत दाराआड उभे राहिले. त्यांना वाटत होतं आम्हाला दिसत नाही. मी दोन्ही रिपोर्ट समोर ठेवले अन बाटलीची गोष्ट सांगितली. काकूंचा चेहरा हलला नाही. मग मी त्यांच्या घरातल्या कूलरकडे बोट केलं. म्हटलं, काकू, याच्या टाकीतलं पाणी आठ दिवस बदललं नाही तर काय होते? त्या म्हणाल्या, अळ्या होतात. म्हटलं, त्या काय गुरुजी बाहेरून आणून टाकतात? पाणी साचलं म्हणून होतात. गुरुजींची टाकी पूर्ण रिकामीच होत नाही, कारण खालचा नळ गाठीनं अडला आहे. अन वर त्यांनी नवीन पाणी टाकणं बंद केलं आहे. जंतू त्यांच्या स्वतःच्याच पोटातला आहे. कुठं जाऊन आणलेला नाही.

मग मी उठून उभा राहिलो अन हात जोडले. सांगितलं की त्या दिवशी खिडकीत मी जे बोललो ते चार लोकांत हसू यावं म्हणून बोललो. रिपोर्टात तसं काही नव्हतं, माझ्या तोंडात होतं. मला माफ करा. रत्ना बाजूला बसून माझ्याकडे बघत होती अन मला आयुष्यात एवढं कानकोंडं कधी झालं नव्हतं.

मला वाटलं, आता काकू रडतील, गुरुजी पुढं येतील, बॅग उलटी होईल, चहा होईल. काकूंनी सोनोग्राफीचा कागद उचलला अन पुन्हा वाचला.

"हे दोन वर्षांपासून आहे?" त्यांनी मला विचारलं.

"हो, ते स्वतःच म्हणाले."

"दोन वर्षं जळजळ होत होती?"

आता मी घाबरलो. म्हटलं, येऊन-जाऊन.

काकू दाराकडे वळल्या अन बारा दिवसांत पहिल्यांदा देवाला मधात न घेता बोलल्या. "एक्केचाळीस वर्षं मी यांचं पान वाढते," त्या म्हणाल्या. "कोणती भाजी मागं सरकवली ते मला न बघता कळतं. मला तेवढा ताप सांगितला, अन यांना दुखतंय हे लॅबच्या माणसानं सांगायचं?"

त्यांनी बॅगेतल्या साड्या काढून कपाटात ठेवल्या, एकेक, दणादण. अमरावती रद्द झाली. पण अबोला सुटला नाही, उलट आता त्याला नवं कारण मिळालं. रत्ना परत येताना म्हणाली की पहिल्या कारणानं बाई चिडली होती, दुसऱ्यानं दुखावली. मी म्हटलं, मी तर सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, तेच ना.

गुरुजींनाही मी माझ्या विनोदाचं सांगितलं, दुसऱ्या दिवशी, लॅबच्या बाहेर चहाच्या टपरीवर. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. मग म्हणाले की तुमच्या बोलण्याचं मला एवढं लागलं नाही, तिनं एकदा तोंडानं विचारलं असतं तर बरं झालं असतं. अन मला शिक्षा काय दिली, तर एक दिवसाचं मौन. मी घरी पाटीवर लिहून रत्नाला दाखवलं. सकाळी दहाच्या सुमारास दूधवाल्यानं पिशव्या कमी दिल्या अन व्रत मोडलं. रत्ना म्हणते, दहापर्यंत टिकले हेच नवल.

महिन्याभरानं शस्त्रक्रिया झाली. पोट न फाडता, लघवीच्या वाटेनंच दुर्बीण घालून वाढलेली गाठ खरडून काढतात. दोन दिवस नळी असते अन तिला एक पिशवी लावलेली असते, त्यात लालसर पाणी उतरत राहतं. दुसऱ्या दिवशी माणसाला उठवून चालवतात. मी अन रत्ना बघायला गेलो तेव्हा गुरुजी दवाखान्याच्या लांब व्हरांड्यात हळूहळू चालत होते अन बाजूला काकू, हातात पिशवी धरून. पिशवी खालीच धरायची असते, वर नेली तर पाणी उलटं जातं. काकूंनी ती सांगितल्याप्रमाणे अगदी गुडघ्याशी धरली होती, वाकून. ज्यांच्या घरात दवाखान्यातली रिकामी बाटलीसुद्धा शुद्ध केल्याशिवाय चालली नव्हती, त्याच ह्या काकू. बोलणं कामापुरतंच चालू होतं. गोळी घ्या. पाय उचला.

समोरून सिस्टर आली. तिनं विचारलं, "काय काकाजी, काही त्रास?"

"काही नाही, उत्तम आहे," गुरुजी म्हणाले. माईक नसताना शेवटच्या रांगेत जाणारा तोच आवाज.

सिस्टर पुढं गेली. काकू जागेवर थांबल्या. नळी हातभरच लांब, म्हणून गुरुजींनाही थांबावं लागलं. काकू पिशवी धरून नुसत्या उभ्या राहिल्या. गुरुजींनी पुढं बघितलं, मागं बघितलं. आम्ही खांबाशी होतो ते त्यांना दिसलं नसावं. मग ते काकूंकडे वळले.

"जळजळतंय गं," ते म्हणाले. "कालपासून. फार."

"मग सांगायला काय झालं होतं?"

"लाज वाटते."

"माझी?"

गुरुजींनी मान खाली घातली. काकूंनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली अन मोकळा झालेला हात त्यांच्या दंडाखाली घातला.

"हळू चला," त्या म्हणाल्या. "नळी ताणते आहे."